अंग चोरून बसणारं जाड अक्षर: बोर्ड, बॅनर नि पोस्टर नवीनच करायला लागलेल्यांसाठी

खानापूरहून बेळगावला येणारी सकाळची बस ज्यांनी पकडलीय त्यांना हे लगेच कळेल. तिघांच्या सीटवर चौथा माणूस आला की दोन गोष्टी होतात. एक तर बाकीचे तिघं त्याला खिडकीला दाबतात, मग त्याचा खांदा एकीकडं, डबा पोटात, आणि तोंड बघवत नाही. नाहीतर तो स्वतःच अंग चोरून बसतो, कोपर आत, पाठ ताठ, आणि तेवढ्याच जागेत निवांत पेपर वाचत येतो. वडगावात ज्या पेंटर काकांकडं मी शाळेच्या सुट्टीत ब्रश धुवायला जायचो ते नेमकं हेच सांगायचे, "अक्षर दाबू नकोस रे, अंग चोरायला लाव त्याला." तेव्हा काही डोक्यात शिरलं नव्हतं. पुढं कॉम्प्युटरवर बॅनर करायला लागलो आणि दोन-तीनदा पदरचे पैसे गेले तेव्हा शिरलं.

तर हे सगळं त्या अक्षराबद्दल. जाड, उभट, रुंदीला कमी, आणि हातानं काढल्यासारखं. कुस्तीच्या पोस्टरवर, गाडा शर्यतीच्या बॅनरवर, टेम्पोच्या पाठीमागं, शिवजयंतीच्या चित्ररथावर तुम्ही ते हजार वेळा बघितलंय. कॉम्प्युटरच्या भाषेत याला कंडेन्स्ड डिस्प्ले फॉन्ट म्हणतात, कंडेन्स्ड म्हणजे रुंदी चोरलेला आणि डिस्प्ले म्हणजे मोठ्या साइजला चार-पाच शब्द लांबून वाचण्यासाठी केलेला, परिच्छेद लावण्यासाठी नाही. युरोप-अमेरिकेत हा प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी टाइपाच्या पोस्टरांपासून चालत आलाय, आणि मीमवर जो सगळ्यांनी बघितलाय तो इम्पॅक्ट फॉन्ट १९६५ चा, जेफ्री ली यांचा. आपल्याकडं हे काम गल्लीतल्या पेंटरनं ब्रशनं केलं, आणि नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी शीर्षक-अक्षरांना जो तोरा दिला तो बघितला की अक्षर नुसतं जाड करणं आणि त्याला अंगकाठी देणं यातला फरक कळतो.

आधी टेप काढा, फॉन्ट नंतर

नवीन पोरं पहिल्यांदा फॉन्ट शोधायला बसतात, ते चुकतं. पहिला प्रश्न हा की तुम्हाला जागा कशाची कमी आहे, रुंदीची की उंचीची? उभट अक्षर हे फक्त रुंदी कमी असल्यावरचं औषध आहे. उंची कमी असेल तर उभट अक्षर घेऊन उलट घोटाळा होतो, कारण देवनागरीत वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, ती सगळी मंडळी आपली जागा मागतातच.

आणि आपल्या भागात हे गणित जरा खास आहे. कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या बोर्डवर निदान ६० टक्के कन्नड लागतं आणि तेही वरच्या भागात. त्यावर कुणाला काय वाटतं तो विषय वेगळा, तो चहाच्या गाड्यावर रोज चालतोच, खरं बोर्ड करणाऱ्याला उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसवायचं असतं. आकडे घेऊनच बघू.

समजा बोर्ड १० फूट बाय ३ फूट. उंची ३६ इंच, त्यातले साधारण २१.६ इंच कन्नडला गेले, राहिले १४.४, वर-खाली थोडं मोकळं सोडलं तर हातात १२ इंच. आता मराठी आणि इंग्रजी एकाखाली एक घेतलं तर प्रत्येकाला ६ इंच, त्यात मात्रा-उकार वजा जाता मराठी अक्षराचं मूळ अंग, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत, जेमतेम साडेतीन इंच उरतं. बोर्डवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, दहा फुटांवरून चांगलं वाचायला एक इंच अक्षर. म्हणजे पस्तीस फूट. गणपत गल्लीत चालेल, कॉलेज रोडवर गाडीतून जाणाऱ्याला काय दिसणार?

तेच मराठी डावीकडं आणि इंग्रजी उजवीकडं, शेजारी शेजारी घेतलं तर? उंची पुरी १२ इंच मिळाली, अंग सात इंचापर्यंत गेलं, म्हणजे सत्तर फूट. खरं रुंदी आता दहाची पाच फूट झाली, समासाचे सोडले तर ५६ इंच. समजा नाव आहे "यल्लम्मा स्वीट मार्ट". जोडाक्षरं, काने, मधली जागा धरून हे साधारण अकरा अक्षरांची रुंदी खातं. सात इंच उंचीचं नेहमीचं ठळक अक्षर सरासरी सहा इंच रुंद धरा, अकरा सक सहासष्ट, बसत नाही. उभट अक्षर चार इंचात बसतं, अकरा चोक चव्वेचाळीस, बसलं, वर बाजूला मिठाईच्या ताटाचा फोटो टाकायलाही जागा राहिली. ही आकडेमोड पाच मिनिटांची आहे, बोर्डच्या मागच्या कागदावर करा, गिऱ्हाईकासमोर केली तर अजून बरं, मग ते दर कमी करायला जरा लाजतं.

फॉन्ट कुठला

फुकट आणि कायदेशीर दोन्ही हवं असेल तर गुगल फॉन्ट्सवर जा. तिथले बहुतेक ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत, म्हणजे धंद्याच्या कामाला बिनधास्त वापरा, फक्त तो फॉन्टच नुसता वेगळा विकायचा नाही. पेनड्राइव्हमधून फिरणारे "५००० मराठी फॉन्ट" असले गठ्ठे नका घेऊ, निम्मे चोरीचे आणि निम्मे जुन्या पद्धतीचे असतात, त्याबद्दल पुढं येतंय.

टेको आणि खंड हे दोन इंडियन टाइप फाउंड्रीचे, दोन्ही रुंदीला चांगलेच कमी. टेको जास्त चौकोनी, कबड्डी-क्रिकेटच्या स्कोअरला मस्त, ओळी एकमेकांना चिकटवून लावता येतात. खरं त्यात हाताचा ओलावा नाही, मशिनीत कापल्यासारखा वाटतो. खंड थोडा मवाळ. प्रगती नॅरो पण आहे, तो मला किरकोळ मजकुराला आवडतो, मोठ्या नावाला नाही.

"अनेक देवनागरी" हा मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा, २०२२ चा, आणि बेळगावात काम करणाऱ्यानं हा घेऊन ठेवावाच. याच्यात जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ अशी सरकवता येते, आणि तोच फॉन्ट कन्नडमध्ये पण आहे, अनेक कन्नड नावानं. वर कन्नड, खाली मराठी, दोन्ही एकाच घरातले दिसतात. रुंदी ७५, जाडी ८०० ठेवून बघा.

हातानं काढल्यासारखं पाहिजे असेल तर बलू २, तोही एक टाइपचा, गुबगुबीत, ब्रशनं गोल फिरवल्यासारखा, त्याचा कन्नड भाऊ बलू तम्मा २. फक्त तो उभट नाही, रुंदी घेतो. मोदक त्याच्याही पुढचा, नावासारखाच टम्म, अक्षराच्या आतली पोकळी म्हणजे नुसती एक रेघ, दोन-तीन अक्षरांपलीकडं वापरला तर वाचणाऱ्याचा जीव जातो. यात्रा वन रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, त्याच्यात ब्रशचा तिरका काप छान दिसतो. इंग्रजी ओळीला लोंड्रिना बघा, ब्राझीलच्या साव पावलो शहरातल्या रस्त्यावरच्या अक्षरांवरून केलेला, आपल्या पेंटरच्या अक्षरांशेजारी ठेवला तर चुलत भाऊ वाटतो.

आता खरं सांगायचं तर जाड, उभट आणि हाताचं, ही तिन्ही एकत्र असलेला मराठी फॉन्ट शोधत बसलात तर हाताला फार थोडं लागतं. म्हणून मोठ्या कामाला मी मुख्य नाव हातानं काढतो आणि बाकीचा मजकूर अनेक देवनागरी किंवा खंडमध्ये लावतो. हातानं काढायचं कसं ते खाली आहे, घाबरू नका.

गावांची नावं घालून फॉन्टची परीक्षा घ्या

फॉन्टच्या पानावर जे नमुना वाक्य असतं ते सुंदरच दिसतं, ते तसंच निवडलेलं असतं. तुम्ही आपल्या गावांची नावं टाइप करा. यळ्ळूर, मण्णूर, बेनकनहळ्ळी, हुक्केरी, कित्तूर, सौंदत्ती, यल्लम्मा. आपल्या भागात कानडी वळणाची नावं, त्यामुळं ळ्ळ, ण्ण, क्क, त्त, ल्ल, म्म असली जोडाक्षरं पावलोपावली, आणि बारीक अंगाच्या जाड फॉन्टची खरी फजिती तिथंच होते.

क्क चं बघा. काही फॉन्ट एकाखाली एक लावतात, काही शेजारी अर्धा क आणि पूर्ण क. एकाखाली एक लावलं की रुंदी वाचते पण अक्षर खाली लोंबतं आणि जाड असेल तर खालचा क नुसता काळा गोळा होतो. शेजारी लावलं की वाचायला सोपं, रुंदी जास्त. मी बोर्डला शेजारचंच घेतो, लांबून वाचलं गेलं पाहिजे, जुन्या पोथीसारखं दिसून काय करायचंय. ळ हे अक्षर तर कसोटीचंच, दोन पोटं शेजारी शेजारी, वरून रुंदी कमी, वरून जाडी, आणि आमच्या गावाच्या नावातच ते बसलंय. ज्या फॉन्टात बेळगाव नीट दिसत नाही तो फॉन्ट तिथंच बंद करा.

मग हे वाक्य टाका: "शेतकऱ्यांसाठी गाडा शर्यत". यात दोन वेगवेगळे र आहेत. शर्यतमध्ये वर जाणारा रफार, शेतकऱ्यांमध्ये य ला चिकटलेला तो आडवा र. हा आडवा र मराठीला लागतो, हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टांत तो नसतोच. टाइप करताना ऱ, म्हणजे खाली टिंब असलेला र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, मग य. फॉन्टात सोय असली तर आपोआप जुळतो.

हे मी कशावरून सांगतोय? शर्यतीच्या पोस्टरचं माझं पहिलं मोठं काम, स्क्रीनवर एका फॉन्टात करून, ऐनवेळी जास्त जाड दिसतो म्हणून दुसरा फॉन्ट टाकला, परत वाचलं नाही, आणि तीनशे पोस्टर छापून गावात गेले. कमिटीतले एक आजोबा चष्मा वर करून पोस्टरजवळ गेले, बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो र असा पाय मोडून का बसलाय ओ?" पुढच्या शर्यतीचं काम मला मिळालं नाही.

ल आणि श पण बघून घ्या. मराठी वळण वेगळं, हिंदी वळण वेगळं. चांगल्या फॉन्टात दोन्ही असतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी वळण येतं. आणि ॲ, बॅनर, बॅटरी, ॲकॅडमी असले शब्द रोजचेच आहेत, तेही टाइप करून बघा.

लावताना होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साधा फॉन्ट माउसनं दोन्ही बाजूंनी दाबून उभट करणं. रुंदी साठ टक्के केली की उभ्या रेघा चाळीस टक्के बारीक होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते. मग अक्षर कसं दिसतं, डोक्यावर गवताचा भारा आणि पाय काटकुळे. काकांचं "दाबू नकोस" हेच. खऱ्या उभट फॉन्टात काढणाऱ्यानं उभ्या रेघा जाड ठेवलेल्या असतात, आतली पोकळी कमी केलेली असते, क ची उजवी बाजू आत ओढलेली असते. चार-पाच टक्के दाबलं तर कुणाला कळत नाही, मीही दाबतो, त्याच्या पुढं नाही.

तसंच ते अक्षर ठळक करायचं "बी" बटण. फॉन्टाला स्वतःची ठळक जाडी नसताना बी दाबलं की सॉफ्टवेअर चारी बाजूंनी शाई फासतं, ळ आणि ध ची पोटं बुजतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही. इंग्रजीत सगळे वाढवतात, छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि दात पडल्यासारखं होतं. जागा भरायची असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा किंवा साइज वाढवा.

ओळी तोडताना डोळे उघडे ठेवा. "कुस्त्यांचे" वरच्या ओळीत आणि "जंगी मैदान" खालच्या ओळीत घेतलं, दोन्ही डावीकडून सुरू केल्या, तर कु चा उकार बरोबर जं च्या टिंबावर येऊन बसतो. ओळी जवळ आणायच्या म्हणजे पोस्टर भरलेलं दिसतं, आणि जवळ आणल्या की हे दोघं भांडतात. अशा वेळी खालची ओळ अर्ध्या अक्षरानं उजवीकडं सरकवा, उकार मोकळा होतो, आणि ती सरकलेली ओळ हातानं लिहिल्यासारखी वाटते ते वेगळंच. पेंटर लोक हे न मोजता करायचे. ओळ लिहायच्या आधी खडू लावलेला दोरा दोघांनी धरून ताणायचा, मधे उचलून टक्कन सोडायचा, पत्र्यावर पांढरी सरळ रेघ, ती शिरोरेषा. मग काका सगळी ओळ हवेत बोटानं लिहून घ्यायचे, कुठं काय आपटतंय ते तिथंच कळायचं. मी आजही स्क्रीनसमोर बोट फिरवतो, बायको हसते.

आउटलाइन द्यायची असेल तर अक्षराच्या मागून द्या. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइनच्या खिडकीत बिहाइंड फिल अशी खूण असते, ती केली नाही तर निम्मी आउटलाइन अक्षराच्या आत घुसते आणि आधीच बारीक असलेली पोकळी खाऊन टाकते. आणि एक आउटलाइन पुरे. पिवळं अक्षर, लाल आउटलाइन, पांढरी आउटलाइन, काळी सावली, मग चमक, असं करत करत अक्षराला स्वेटरवर स्वेटर घालायचा प्रकार आपल्याकडं फार आहे.

हातानं नाव काढायचं असेल तर

पूर्ण फॉन्ट करायच्या फंदात पहिल्यांदाच पडू नका. देवनागरीत जोडाक्षरं धरून शेकड्यानं आकार काढावे लागतात, महिने जातात. फक्त जे नाव पाहिजे तेवढंच काढा.

चौकोनी रेघांचा वहीचा कागद घ्या. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून पायापर्यंत दहा घरं. म ची रुंदी साडेपाच घरं. उभी रेघ पावणेदोन घरं जाड, शिरोरेषा सव्वा. आडवी रेघ उभीएवढीच ठेवली तर डोळ्याला ती जास्त जाड दिसते, म्हणून आडवी नेहमी थोडी बारीक. वर तीन घरं मात्रांना, खाली अडीच घरं उकाराला. हे काही शास्त्रात लिहिलेलं नाही, माझ्या हाताला बसलेलं माप आहे, तुमचं वेगळं होईल.

सुरुवात न, म, प, व पासून. ही साधी अक्षरं एका अंगाची झाली की बाकीची त्यांच्या मापात आणायची. पोकळी उभ्या रेघेएवढी किंवा किंचित कमी, सगळ्या अक्षरांत सारखी वाटली पाहिजे. मोजून सारखी नाही, वाटायला सारखी. क ला दोन बाजू असतात म्हणून तो ऐकत नाही, उजवा हात लांब न करता खाली वळवून टाका. ळ ची दोन पोटं सारखी काढली तर रुंदी जाते, डावं मोठं आणि उजवं जरा लहान काढा, लांबून कुणाला कळत नाही. श, झ, फ, ज्ञ हे लठ्ठ लोक, यांना अर्धं घर जास्त द्या, उगाच सगळ्यांना एका मापाचा शर्ट घालू नका.

आणि तेच अक्षर दोनदा आलं तर दोनदा काढा, कॉपी मारू नका. "मामा" मधले दोन म हुबेहूब सारखे दिसले की वाचणाऱ्याला शब्दात सांगता येत नाही, पण मशीनचं आहे हे कळतं. एकाचा पाय जरा आखूड, एकाची गाठ जरा फुगीर, बस. यल्लम्मात ल दोनदा, म दोनदा, चांगला सराव होतो.

पेन्सिलचं झालं की जाड मार्करनं भरा, उजेडात मोबाइलनं समोरून सरळ फोटो घ्या, सावली पडू देऊ नका. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फोटो टाकून पाथ मेनूतलं ट्रेस बिटमॅप चालवा, काळ्या भागाची कड मिळते. मग खडबडीत जागी बिंदू कमी करा, खरं सगळेच कमी करू नका, ब्रश उचलल्याचा तो तिरका शेवट घासून घासून गोल केलात तर हातानं काढून उपयोग काय झाला. ज्यांना हे आवडेल त्यांनी दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांचं काम बघावं, त्यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे फॉन्ट करायला घेतले होते. आपल्या शहापूर-वडगावात अजून जुने बोर्ड शिल्लक आहेत, पत्रा गंजलाय पण अक्षर शाबूत, जाता-येता फोटो काढून ठेवा, दुकान नवीन झालं की पहिला तोच जातो.

शेजारचं कन्नड

कन्नड अक्षर मुळात गोल आणि रुंद. त्याला डोक्यावर तलेकट्टू असतो, म्हणजे ज्या त्या अक्षराची वेगळी टोपी, आपल्यासारखी सलग शिरोरेषा नाही, आणि जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लहान होऊन बसतो. त्यामुळं वर कन्नड, खाली मराठी असेल तर मधे जागा नेहमीपेक्षा जास्त सोडा, वरून त्यांचं ते खाली बसणारं ओत्तक्षर येतं आणि खालून आपली वेलांटी वर जाते. कन्नड दाबून मराठीच्या मापात आणू नका, ते लगेच वाचता येईनासं होतं. जाडी जुळवा, उंची जुळवायचा हट्ट सोडा. आणि कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्या, शेजारचे काका असले तरी चालतील, गुगलवर भाषांतर करून चिकटवलेले बोर्ड आपल्याकडं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

फाइल देताना

युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो त्या पद्धतीत. जुन्या श्रीलिपीसारख्या पद्धतीत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की तुमचं "श्री गणेशाय नमः" इंग्रजी कचऱ्यासारखं दिसतं. युनिकोडमध्ये फॉन्ट नसला तर निदान मंगलसारखा कॉम्प्युटरमधला दुसरा फॉन्ट येतो, वाचता तरी येतं. जुन्या डीटीपीवाल्यांकडून मजकूर आला तर कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर प्रत्येक शब्द वाचा, रफार आणि पहिली वेलांटी तिथंच घसरतात.

पाठवायच्या आधी अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे नुसते आकार होतात. कोरलड्रॉत कंट्रोल क्यू, इंकस्केपमध्ये शिफ्ट कंट्रोल सी. मग प्रिंटवाल्याकडं फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. पण कर्व्ह न केलेली एक फाइल स्वतःकडं ठेवा, कारण रात्री अकराला फोन येणारच, "अध्यक्षांचं नाव राहिलं की ओ." मोबाइलवर पिक्सेललॅबमध्ये करत असाल तरी चालतं, फॉन्टची फाइल बाहेरून टाकता येते, फक्त सुरुवातीलाच साइज मोठी घ्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कुठं वापरायचं नाही

कुस्ती, शर्यत, नाटक, मिठाई, खानावळ, जिम, सेल, रीलचं कव्हर, सगळीकडं चालतं. पत्ता, फोन नंबर, मेनूतले दर, अटी-नियम, हे असल्या फॉन्टात लावू नका, बारीक साइजला सगळं काळं होतं. लग्नपत्रिकेत नको. आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" ला तर अजिबात नको, परवाच एका चौकात बघितला, कुस्तीच्या पोस्टरचाच फॉन्ट, पिवळा, लाल आउटलाइनचा, वरून बिचाऱ्या आजींचा फोटो, आजी आखाड्यात उतरायला निघाल्यासारखं वाटत होतं.

शेवटचं काम प्रिंटला जायच्या आधीचं. साध्या ए-फोर कागदावर पूर्ण डिझाइन काढा, भिंतीला चिकटवा, आणि मागं जा. १० फुटांचा बोर्ड कागदावर साधारण ११ इंच होतो, म्हणजे जवळजवळ अकरापट लहान, तर सत्तर फुटांवरून वाचायचा बोर्ड असेल तर कागदापासून साडेसहा फूट मागं उभं राहायचं. घरातल्या कुणाला तरी, ज्यानं मजकूर आधी वाचलेला नाही, बोलवा आणि वाचायला सांगा. अडखळला की कुठल्या अक्षराला अडखळला तेवढं लिहून घ्या. माझ्याकडं हे काम आईकडं आहे, ती चष्मा न लावता येते आणि बहुतेक वेळा ळ वर थांबते.